जिरावणाची कोरडी पुडी

पुण्याहून निघालेली बस सकाळी इंदुरात पोहोचली आणि माझ्याहून मोठं बोचकं ओढत मी खाली उतरले. बोचक्यात होता ड्रायसूट, म्हणजे थंड पाण्यात बुडी मारताना अंग कोरडं ठेवणारा पोशाख. माझी उंची चार फूट नऊ इंच. बाजारातला सगळ्यात लहान सूटही माझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबतो. मागच्या महिन्यात सरावाला त्यातली जास्तीची हवा पायांत शिरली. झालं, पाय वर आणि डोकं खाली! प्रशिक्षकांनी बजावलं, "बसणारा सूट आणा, नाहीतर नॉर्वे विसरा." आता दोनच आठवड्यांनी तिथल्या समुद्रातली प्रवाळं पाहायला एक तुकडी जाणार होती आणि तीत माझं नाव होतं. वीस वर्षं वर्गात प्राणिशास्त्र शिकवल्यावर मिळालेली संधी कापडापायी घालवू? छट्!

मावशी इंदुरातच, पलासियात राहते. फोनवर तीच म्हणाली होती, "अगं, परदेशीपुऱ्यात विलासजी आहेत ना! शिंगाड्याच्या तळ्यात उतरणाऱ्यांचे रबरी कपडे तेच बनवतात. आ जा सीधी."

विलासजी साठीचे, कपाळावर चष्मा. मी अर्ध्या इंचापर्यंत लिहून आणलेला मापांचा कागद ऐटीत पुढे केला. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला.

"ताईजी, हे नाप उभं राहून घेतलं ना? आणि खाली पेट?"

"मग कसं घेतात?"

"पहले नाश्ता. पोट भरल्यावर माणूस असली नापाचा होतो. तळ्यात कुणी उपाशी थोडंच उतरतं?"

समोरच्या गाडीवरून पोहे-जिलबी आली. पोह्यांवर जिरावण (इथला आंबट-तिखट मसाला) भुरभुरलेलं. दोन प्लेट झाल्यावर ते म्हणाले, "आता सूटच्या आतले गरम कपडे घाला." भर मे महिन्यात मी लोकरी जामानिमा चढवला. मग त्यांनी मला उकिडवं बसवलं, वाकवलं, हात डोक्यामागे न्यायला लावले आणि प्रत्येक वेळी टेप फिरवली. मी घामाने निथळत होते. दारात चार माणसं जमली.

"भिया, ये मॅडम चाँद पे जा रही क्या?" एकाने विलासजींना विचारलं.

"नॉर्वे!" मी ओरडले. कुणालाच उलगडा झाला नाही, पण टाळ्या मात्र पडल्या.

चार दिवस विलासजींनी सूट कापला, चिकटवला, गळ्याला आणि मनगटांना नवं घट्ट रबर लावलं. पाचव्या दिवशी सूटमध्ये हवा भरून त्यावर साबणाचं पाणी फिरवलं, पंक्चरवाले ट्यूबवर फिरवतात तसं. डाव्या काखेत एक बुडबुडा उठला. विलासजी शांतपणे म्हणाले, "इथे दिसला ते बरं. पाण्यात दिसला असता तर?" काख पुन्हा चिकटवली आणि अख्खी रात्र वाळवली.

इंदुरजवळ सांवेरला मावशीच्या ओळखीच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. सकाळी तिथे गेलो. सूट घालण्याआधी विलासजींनी जिरावणाची कागदी पुडी माझ्या मोज्यात खोचली. "ओलावा लागला की याचा गोळा होतो. मसाला खोटं नाही बोलत."

कमरेला दोर बांधून उतरले. गळ्यापर्यंत पाणी आलं. मुद्दाम कोलांटी मारली, गुडघे पोटाशी घेतले आणि सरळ झाले. पाय वर पळाले नाहीत! पुन्हा मारली. तिसरी तर निव्वळ मजेखातर. काठावरून मावशी ओरडत होती, "पुरे गं चिमे!"

अर्ध्या तासाने वर आले आणि सूट उतरवून पुडी उघडली. जिरावण सुटं, भुरभुरीत. विलासजींनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पास." मला रडू फुटलं. लाज वाटली नाही. त्या माणसाने समुद्र कधी पाहिलेला नव्हता, आणि मला तिथे पाठवत होता तोच.

परतीच्या बसमध्ये बोचकं मांडीवर मावलं. मूर्ती लहान म्हणून जन्मभर मी टाचा उंचावून, मान ताणून उभी राहिले. फोटोत आणि मापातसुद्धा. मी वाकते, बसते, पोटभर जेवते, हे मोजावं असं मलाच कधी सुचलं नव्हतं. प्रशिक्षकांना कळवलं, "सूट बसला. मी येतेय."

उरलेल्या जिरावणाची पुडी सूटच्या घडीत ठेवली आहे. नॉर्वेच्या पाण्यात उतरताना ती माझ्या मोज्यात असेल.