बुजवलेली भोकं

गेल्या श्रावणात आमच्या गाडीत पाण्याचा आवाज यायला लागला. वळणावर गाडी कलली की डाव्या बाजूने 'डुबुक' व्हायचं आणि सरळ झाली की पुन्हा एकदा. डाव्या बाजूला माझे यजमान डोळे मिटून बसलेले असायचे. मला वाटलं, ह्यांनी सीटखाली पाण्याची बाटली लपवलीय.

संशयाला कारण होतं. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन चार वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार आंदर मावळातल्या आमच्या गावातून सोमाटण्याला डायलिसिससाठी जायचं, चार तास मशीनवर, मग परत. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलंय. चहा, आमटी, औषधाबरोबरचे घोट, सगळं धरून एक लहान तांब्या. आणि त्या महिन्यात प्रत्येक वेळी ह्यांचं वजन जास्त भरत होतं. तिथली सिस्टर मलाच बोलायची, "मावशी, लक्ष ठेवा जरा." जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांवर लक्ष ठेवलं. निवृत्त झाले आणि वर्गात हा एकच विद्यार्थी उरला, तोही ऐकत नाही.

गाडी मी चालवते. पन्नाशी उलटल्यावर शिकले, आवड म्हणून नव्हे. आमच्या गावाला एसटी येते ती दिवसातून दोनदा, तीही तिच्या लहरीने. मशीनवरून उतरल्यावर ह्यांचे पाय थरथरतात, बसमध्ये उभं राहायचं बळ नसतं. एखाद्या दिवशी कुणीही नेऊन सोडेल. आठवड्यातून तीनदा कोण नेणार? म्हणून ही चौदा वर्षांची गाडी, आणि म्हणून मी.

त्याआधीच्या थंडीत परत येताना हे एकदम म्हणाले, "ही गाडी हाय तवर जाऊ. गाडी गेली की बास."

मी म्हटलं, "बास म्हणजे?"

"बास म्हंजे बास."

डायलिसिस बंद केल्यावर माणूस किती दिवस राहतो हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तेव्हापासून गाडी जरा वेगळी घरघरली तरी मी काच खाली करून कान लावायची. माझ्या नवऱ्याचं आयुष्य त्या पत्र्याच्या डब्याला बांधलेलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच बांधलं होतं. ह्याचा मला मनातून फार राग होता.

गाडी मात्र त्यांनी जपली होती, विशेषतः खालून. आमच्याकडे पाऊस लागला की महिनोन्महिने उघडत नाही. खाचरांतला चिखल रस्त्यावर येतो, गाडीच्या पोटाला लिंपला जातो आणि दसऱ्यापर्यंत वाळत नाही. गावातल्या निम्म्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून चाळणी. हे आंबीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे गंजाशी त्यांचं जुनं वैर. दर मे महिन्यात गाडीची दोन चाकं अंगणाच्या बांधावर चढवायचे, पाइपने खालचा चिखल धुवायचे, दोन दिवस उन्हात सुकवायचे. मग तारेच्या ब्रशने घासून लाल रंग, त्यावर डांबराचा काळा थर, नटबोल्टांना जळकं ऑइल. सगळी आगोटीची, पावसाआधीची कामं एकाच दमात चालायची. छपराच्या पत्र्यांवरच्या खिळ्यांची भोकं डांबरात बुडवलेल्या चिंध्यांनी बुजवायची, खाली उतरायचं आणि तोच डबा, त्याच चिंध्या घेऊन गाडीखाली शिरायचं. भोक दिसलं की बुजव, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात माणूस छपराकडे बघतो ते भोकं शोधायलाच.

डायलिसिससाठी ह्यांच्या डाव्या हाताच्या शिरेचं ऑपरेशन झालंय. त्या हातावर भार द्यायचा नाही. तरी त्यानंतरही दर मे महिन्यात ते एका हातावर गाडीखाली गेले. मी अंगणात उभी राहून वाट्टेल ते बोलले. खालून आवाज आला, "हे तरी करू दे की मला." मग मी आत जाऊन भाकऱ्या थापत बसले.

तर श्रावणातल्या एका बुधवारी ह्यांना मशीनवर सोडलं आणि मी बाटली शोधायला गाडीत आले. सीटखाली काही नव्हतं. पायाखालचं रबरी मॅट उचललं तर त्याखालचा जाड कपडा ओला गच्च, कुजका वास. मी बोटांनी चाचपत पुढे गेले आणि एक बोट पत्र्यात गेलं. पापड मोडावा तसा पत्रा मोडला. खाली डांबराचा थर लागला, मऊ. जरा दाबलं तर तोही फाटला आणि बोटाला बाहेरचा गार वारा लागला.

त्याच जागी ह्यांचे पाय असायचे. मी तशीच गुडघे मुडपून बसून राहिले. बाटली सापडली असती तर किती बरं झालं असतं, भांडण करून मोकळी झाले असते.

सोमाटण्याच्या चौकापासून थोडं आत एका वयस्कर मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि खाली उभे राहून वर बघत राहिले.

"कोटिंग एक नंबर केलंय, बाई. कुणी केलं?"

"घरीच केलंय."

"हात चांगला आहे." मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत पुढे गेले. टक, टक, आणि मग एकदम भदभद. त्यांनी टोक लावलं, ते आत गेलं. दुसऱ्या ठिकाणी लावलं, तिथेही गेलं. डाव्या दाराच्या खालच्या कडेला डांबराचा एक गोळा होता, तो त्यांनी उकरला. चिंधी बाहेर आली आणि तिच्यामागून पाणी. तांबडं, घाण पाणी, कितीतरी वेळ पडत राहिलं. माझ्या गाडीतला आवाज तो हा.

"पाऊस काचेच्या फटीतून दारात उतरतोच," मिस्त्री म्हणाले. "ते निघून जावं म्हणून दाराला खाली भोकं ठेवलेली असतात. ह्या खालच्या पट्टीलाही असतात, तळालाही. ही सगळी कुणी बुजवली?"

मी काय सांगणार? आमच्यात भोक दिसलं की बुजवतात, एवढंच म्हटलं.

"बाहेरून गंज लागलेलाच नाही. आतल्या आत खाल्लंय. काहीच केलं नसतं तरी चाललं असतं."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. एका हातावर गोणपाटावर पडून केलेलं काम, आणि त्यानेच गाडी खाल्ली. मी म्हटलं, "मिस्त्री, आमचे मालक विचारतील तेव्हा सांगा खालून दगड लागला. भोकांचं बोलू नका."

त्यांनी हात पुसले. "नाही बोलत. पण बाई, खरं सांगू का? ही गाडी संपली."

ते ऐकलं आणि मला बरं वाटलं.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. एका श्वासापुरतं सगळं अंग हलकं झालं. आता पहाटे पाचला उठणं नाही. वजनकाट्यासमोर मान खाली घालून उभं राहणं नाही, पावसात काच पुसत गाडी हाकणं नाही, पार्किंगमध्ये चार तास शेंगदाणे खात बसणं नाही. संपलं. मग त्या 'संपलं'चा अर्थ डोक्यात शिरला.

बाजूला पाहिलं तर रिक्षा येऊन थांबलेली, कधीपासून कोण जाणे. चार तास कधीच होऊन गेले होते. मी फोन उचलला नाही म्हणून सिस्टरने ह्यांना रिक्षात बसवून दिलं होतं, गॅरेजचं नाव मी गाडी नेतानाच तिला फोनवर सांगितलं होतं. ते सावकाश उतरले, लिफ्टखाली आले, खाली पडलेली चिंधी उचलली. त्यांच्याच जुन्या शर्टाची होती. पाण्याकडे पाहिलं, दाराच्या कडेकडे पाहिलं. कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे मीच मारली म्हना की," ते म्हणाले. "पानी आत येतंय आन् जायला वाट न्हाई. माझ्यासारखंच झालं." आणि हसले. मिस्त्रीही कसनुसं हसले. मला हसू आलं नाही. विनोदाला जागा वेळ काही असते की नाही?

"पत्रा मारता येईल?" मी विचारलं.

"येईल. गाडी दोन दिवस ठेवावी लागेल. दोन पावसाळे काढेल, पुढचं मी बोलत नाही."

"कशाला उगा?" हे म्हणाले.

"मारा म्हणते ना!" माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. पलीकडे टायर काढणारा माणूस थांबून बघायला लागला.

ते दोन दिवस आम्ही एकमेकांशी जेवणापुरतं बोललो. गुरुवारी शेजारच्या मावशी ताकाचा तांब्या घेऊन दारात आल्या, "आज भाऊ आलं न्हाईत ताक प्यायला?" असं विचारत. महिनाभराच्या वजनाचा उलगडा तेव्हा झाला. ह्यांना जाब विचारला तर म्हणतात, "ताक काय पानी हाय व्हय?" एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तांब्या नुसता परत दिला.

शुक्रवारी दुधाच्या पिकअपमधून गेलो आणि येताना गाडी घेतली. मिस्त्रींनी ह्यांना खाली वाकवून एकेक भोक दाखवलं, "भाऊ, एवढी तेवढी उघडी ठेवा." ह्यांनी निमूट मान हलवली. निघालो. पाऊस होताच. पायाखाली नवा पत्रा होता, दार मोकळं होतं, वळणावर कसलाच आवाज येत नव्हता.

आंबी मागे पडल्यावर हे म्हणाले, "गाडी संपली म्हनला मिस्त्री, तवा तुझं तोंड बघितलं मी."

मी गाडीचा वेग कमी केला. "काय बघितलंत?"

"सुटलीस."

नाही म्हणता आलं असतं. खोटं बोलायची सवय मला नाही असं नाही. आईबापांना त्यांची पोरं हुशार आहेत हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण नाही म्हणवेना. "दमलेय मी," एवढंच म्हटलं.

"ठाव हाय. म्हनून तर गाडीचं नाव घेतलं व्हतं."

मला कळलं नाही. मी गाडी कडेला घेतली.

"मला बास झालंय असं वाटलं व्हय तुला?" ते समोर काचेकडे बघत बोलत होते. "मला लय जगायचंय गं. पन तू काय थांबनार न्हाईस. मरंस्तवर मला वाहशील. आन् मी कसं सांगू, नको येऊ म्हनून? मंग म्हटलं, गाडीनंच न्हाई म्हनावं. तुझ्यावर बोल नको."

इतके महिने मी ह्यांना जगण्याला कंटाळलेला माणूस समजत होते. त्या एका वाक्यासाठी मनात किती शिव्या घातल्या होत्या. आणि माणूस जगायला तडफडत होता, फक्त माझ्यासाठी मधून बाजूला व्हायला बघत होता. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

"मी अर्ज केला होता?"

"कसला?"

"रजेचा. अर्ज नाही, विचारणं नाही, तुम्ही परस्पर माझी रजा मंजूर केलीत. ती पण कायमची."

बाजूने दोन ट्रक चिखल उडवत गेले. मग हे म्हणाले, "मंग आता कर की अर्ज. किती दिसांची पायजे?"

"सोमवारी मी येणार नाही," मी म्हटलं. "मला झोपायचंय." तोंडातून निघालं तेव्हा मलाच ते ऐकवेना. चार वर्षांत एकदाही मी असं बोलले नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "पिकअपवाल्याला मी इचारतो." ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे काडी मागितली नाही, तो हे म्हणाला.

सोमवारी ते आपले आपण उठले, डबा भरला, छत्री घेतली. मी अंथरुणात जागी होते, पण उठले नाही. अंगणातून त्यांनी हाक मारली नाही. पिकअपचा आवाज ओढ्याच्या वळणापर्यंत येत राहिला. आता काळजीने तळमळत पडणार, असं मला वाटलं होतं. पण मला झोप लागली, आणि दुपार उलटून ते परत आले तेव्हाही मी झोपलेलीच होते.