अजिनाथच्या गाडीचे फुगे

आमच्या अजिनाथला शहाणा म्हणावं तर त्यानं आपल्या हातानं आपलंच घर रिकामं केलं, आणि वेडा म्हणावं तर असं काम सोलापुरात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तो माझा भाडेकरू. मी शाळेतला निवृत्त क्लार्क, म्हणून तो मला भाऊसाहेब म्हणतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे वाहायचे, हा त्याचा धंदा. पिकअप स्वतःची. वय बेचाळीस. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माहेरी गेली ती आलीच नाही. त्याबद्दल विचारलं की हा गाडीचं बॉनेट उघडून आत बघत बसतो. मूळचा सांगोल्याकडच्या माळावरचा, मेंढपाळाच्या घरचा. थोरला भाऊ येडू अजून मेंढरं राखतो. यानं काठी टाकून स्टिअरिंग धरलं.

गेल्या वर्षी त्यांची आई केराबाई बांधावरून पडली आणि तिच्या पाठीचा मणका दबला. अजिनाथनं तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं आणि नंतर आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. त्या दहा महिन्यांत हा गडी माणसात आला. आधी वडापावावर दिवस काढणारा, आता सहाच्या ठोक्याला घरी येऊन भाकरी थापायचा. केराबाई पडल्या पडल्या ती भाकरी वर धरून विचारायची, "ह्यो कंच्या तालुक्याचा नकाशा रं?" मी वाटीभर आमटी घेऊन जायचो आणि चांगला तासभर बसायचो. माझंही घर रिकामंच आहे, लपवून काय करू?

पण म्हातारीचा जीव रमेना. शेजारच्या कारखान्यातले माग दिवसरात्र खडखडायचे. "भाऊसाब, हितं समदा आवाज लोखंडाचा," ती म्हणायची. "मला मेंढरांत न्या की." डॉक्टरांनी तर बजावलं होतं, जोराचा गचका बसला तर पाय जातील. अँब्युलन्सचं नाव काढलं की ती हात झटकायची. "त्यात मानसं मरायला नेत्यात." आणि पिकअपच्या कमानपाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांवर, गाडी अशी आदळते की धडधाकट माणसाचेही दात वाजावेत. म्हणजे म्हातारी सोलापुरातच अडकली होती. अजिनाथ नुसता गप्प बसला असता तरी आई जन्मभर त्याच्याजवळ राहिली असती.

तो गप्प बसला नाही. शिवानंद मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन त्यानं गाडीला हवेचे फुगे बसवायला घेतले. मागच्या आसावर, दोन्ही चाकांजवळ, आस आणि वरच्या सांगाड्याच्या, चासीच्या, मध्ये एकेक जाड रबरी फुगा. त्यात हवा भरली की गाडीचं ओझं पाट्यांबरोबर हवाही उचलते आणि गचका तिथंच जिरतो. हवेची नळी सायलेन्सरपासून लांब नेली, जोडांवर साबणाचा फेस लावून कुठं बुडबुडा येतो का ते पाहिलं. अजिनाथ दोन दिवस धंदा बंद ठेवून मिस्त्रीच्या हातात पाने देत बसला.

गाडी जोखायची रीत मात्र त्याची स्वतःची. काठोकाठ भरलेला तांब्या गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवायचा आणि कामाच्या फेऱ्या मारायच्या. पाणी सांडलं की हवा कमी-जास्त करायची. पंधरा दिवसांनी मीटरवर साठ हवा ठेवली की थेंब सांडेना. मी चिडवलं, "अरे, आईला घालवायची एवढी घाई?" तो म्हणाला, "घाई न्हाय भाऊसाहेब. ती रोज इचारती."

रविवारी सकाळी निघालो. हौद्यात दोन गाद्या, त्यावर केराबाई, शेजारी मी आणि तांब्या. शहराबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला तांब्या लवंडला आणि म्हातारीनं माझं मनगट आवळलं. अजिनाथनं गाडी थांबवली. ड्रायव्हरच तो; गाडी आदळली म्हणजे हवा कमी पडली, असं त्याचं गणित. त्यानं गाडीतल्या पंपानं आणखी दहा हवा भरली. पुढच्या स्पीडब्रेकरला केराबाई अशी ओरडली की रस्त्यावरचा दुधवाला थांबून बघायला लागला.

अजिनाथ खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला. "जाऊ माघारी," म्हणाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. संध्याकाळची आमटी, नकाशाची भाकरी, सगळं पुन्हा मिळणार होतं. आणि त्याच्याही तोंडावर मला तेच दिसलं.

तेवढ्यात हौद्यातून केराबाईचा आवाज आला. "आरं, तू रोज गठ्ठं भरून बघितलंस. आज गाडीत हाय काय? माझं वझं ते कितीसं?"

पंधरा वर्षं ओझं वाहणारा माणूस. रिकाम्या गाडीत तांब्या ठेवून बघावं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं शिवानंदला फोन लावला. "अय्यो, रिकाम्या गाडीला सत्तर? फुगा दगड झाला की!" मिस्त्री आपल्या कानडी ढंगात एवढ्या मोठ्यानं बोलला की मला हौद्यात ऐकू आलं. "सोड की, मारायाऽ! थोडी थोडी सोड. पूर्ण सोडू नको, फुगा चिमटंल."

मग अजिनाथनं हवा सोडायला घेतली. तांब्या पुन्हा भरला, हवा चाळीसवर आणून गाडी त्याच स्पीडब्रेकरवरून हळूच नेली, पाणी बरंच सांडलं. तीसवर थोडं सांडलं. वीसवर पाणी नुसतं थरथरलं आणि जागेवर राहिलं. त्यानं आईकडे बघितलं. ती म्हणाली, "चल." मंगळवेढा मागं पडलं तेव्हा ती झोपली होती.

माळावर पोचल्यावर तिनं बाज मेंढरांच्या कडेला टाकायला लावली. एक कोकरू येऊन तिचा पदर चघळायला लागलं तर तिनं त्याला लटकी शिवी दिली. "आता मला हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. अजिनाथनं येडूला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, परत सांगितल्या, मग कागदावर लिहून दिल्या. येताना मी केबिनमध्ये बसलो. सोलापूरपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "सकाळी पीठ दोगांचं काढून ठिवलंय."

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहिलं: गठ्ठे ६०, आई २०. अजूनही गठ्ठे उतरवून झाले की तो हवा वीसवर आणतो, रिकाम्या हौद्यात तांब्या भरून ठेवतो आणि आमच्या गल्लीपर्यंत गाडी अगदी सावकाश आणतो. मागून हॉर्न वाजतात, शिव्या पडतात. परवा मी म्हटलं, "अरे, आता मागं कोण झोपलंय?"

"कुनी न्हाय," तो तांब्यात डोकावून म्हणाला. "पन हात बसल्याला ऱ्हावा की, भाऊसाहेब. उद्या तिनं 'मला तुज्याकडं ने' म्हनलं, तर?"

आठ महिने झाले. तिनं अजून म्हटलेलं नाही.