दहा जणांचा विजेता संघ

स्तानियाने पुस्तक उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर्बोवोच्या फुटबॉल क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून अध्यक्ष ओब्रादने क्लबचा इतिहास छापला होता. पहिल्या पानावर ओब्राद, दुसऱ्यावरही ओब्रादच. आणि चौऱ्याऐंशी सालच्या विजेत्या संघाच्या फोटोत माणसं दहा! गोलकीपरच गायब. गोलकीपर म्हणजे व्लास्तिमिर, स्तानियाचा नवरा, सहा वर्षांपूर्वी वारलेला. मेल्यांना धड कापताही आलं नव्हतं. व्लास्तिमिरचा हातमोजा घातलेला पंजा तरुण ओब्रादच्या खांद्यावर तसाच राहिला होता.

गुन्हा काय त्याचा? पुढं ओब्राद कप्तान झाला, त्यानं आपल्या मेहुण्याला गोलात उभं केलं, तेव्हा व्लास्तिमिर चिडून एक हंगाम नदीपलीकडच्या लुग गावाकडून खेळला. बस्स, एवढंच. वर्बोवोत कुणी बायको टाकून पळाला तर गाव दोन महिन्यांत विसरतं, पण लुगची जर्सी घातलेली विसरत नाही. आणि अशा लोकांच्या चिखलाने माखलेल्या जर्सी स्तानिया एकेचाळीस वर्षं धूत आली होती! पुस्तकात तिचंही नाव नव्हतं. त्याचं तिला काही नव्हतं. पण व्लास्तिमिरचं नाव खोडायचं?

रविवारी लुगशीच सामना होता. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून झाल्या, पाहुण्यांसाठी कोकरू भाजत आलं, तरी जर्सींचा पत्ता नाही. ओब्राद धापा टाकत तिच्या अंगणात आला. स्तानिया पेटीवर बसून वाटाणे सोलत होती.

"वहिनी, जर्सी कुठायत?"

"माझ्या बुडाखाली. कुलूप लावलंय."

"चेष्टा पुरे! पंच पंधरा मिनिटं थांबेल, मग तीन-शून्यने सामना लुगच्या घशात घालेल."

"घालू दे की. आधी भोंग्यावरून सांग, चौऱ्याऐंशीचा गोलकीपर कोण होता. नाव घे, किल्ली ने."

"लुगवाल्यांसमोर? त्या फितुराचं नाव? जीभ झडेल माझी!"

"मग सांभाळ जिभेला. चल, नीघ."

"क्लबचं वाटोळं करतेयस, म्हातारे!"

"माझ्या नवऱ्याच्या शवपेटीमागं तुझ्या क्लबचं कुत्रंसुद्धा चाललं नाही, ओब्राद. मला वाटोळं शिकवू नकोस."

ओब्राद थुंकून निघून गेला, पण भोंगा काही बोलला नाही. खेळाडू उघडे उभे राहिले. पंधरा मिनिटं झाली, शिट्टी वाजली, सामना लुगला गेला.

स्तानिया एप्रनला हात पुसत मैदानावर आली. शिव्यांचा पाऊस पडला. ती सरळ पंचाच्या टेबलाशी गेली.

"बाई, अहवालात कारण लिहावं लागतं," पंच म्हणाला. "जर्सी का नव्हत्या?"

"लिहा. स्तानियाने दिल्या नाहीत. चौऱ्याऐंशीच्या विजेत्या संघाचा गोलकीपर व्लास्तिमिर, त्याची बायको."

"एवढी जागा नाही हो."

"मग बारीक लिहा!"

पंचाने बारीक लिहिलं आणि कागद ओब्रादकडे सरकवला. नियमच आहे, खाली यजमान अध्यक्षाची सही लागते. ओब्रादचं तोंड लालबुंद झालं, त्यानं पेन उचललं.

"नीट वाचून सही कर, अध्यक्षा," स्तानिया म्हणाली. "कुणाचं नाव राहिलं नाही ना, बघ."