तिघींचे दीडशे

ते दीडशे रुपये माझे नव्हते. तीन बायकांचे होते, आणि त्यांनी ते माझ्याकडे ठेवले होते, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात ते टिकले नसते.

आम्ही तेव्हा भोरला भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. माझं माहेर उत्रोलीचं. नवरा वेल्ह्याच्या कचेरीत शिपाई. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा. मुलगी दीड वर्षाची. मी सातवी झालेली, आणि हातमशीनवर गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची. एका झंपराचे बारा आणे. लिहितावाचता येतं म्हणून गल्लीतल्या दहा जणींनी भिशी काढली तेव्हा ती माझ्याकडे दिली. महिन्याला पाच रुपये, जिची चिठ्ठी निघेल तिला पन्नास. दहा महिने भिशी चोख चालली आणि संपली. पण तिघींनी आपले पन्नास पन्नास उचललेच नाहीत.

एक होती आक्का, सरकारी दवाखान्यात आया. तिला मुलीचं लग्न करायचं होतं. "घरी न्हेलं तर मालक गुत्त्यावर घालतील," ती म्हणाली, "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे." दुसरी चाची, आमच्या भिंतीला लागून राहणारी मुसलमानाची विधवा, खेड्यांतून बांगड्या भरत फिरायची. तिसरी मावशी. ती मुलींच्या शाळेत पाणी भरायची, एकटी होती, आणि तिचा पुतण्या येऊन पेटी उचकायचा.

मी ते पैसे बाजरीच्या डब्यात, तळाशी फडक्यात बांधून ठेवले होते. नवऱ्यालाही माहीत नव्हते.

दिवाळीनंतर एक माणूस दारात आला. टेरिलीनचा शर्ट, हातात कातडी बॅग. वसतिगृहातल्या मुलींचे साठ फ्रॉक शिवायचे आहेत, म्हणाला, ठेकेदारानं शिवणाऱ्या बायका शोधायला पाठवलंय. फ्रॉकला सव्वा रुपया. कापड टेम्पोनं घरपोच. फक्त कापडाची अनामत म्हणून दीडशे रुपये आधी भरायचे, काम झालं की परत. त्यानं शिक्का मारलेलं पावतीपुस्तक काढून दाखवलं.

साठ फ्रॉकचे पंचाहत्तर रुपये. तेवढ्यात पायाची मशीन हप्त्यानं आली असती. मी त्याला उद्या या म्हटलं. दुपारभर त्या डब्याकडे बघत बसले. कुणाला विचारलं तर नको म्हणतील हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून कुणालाच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, मी पैसे दिले, त्यानं पावती फाडून दिली. सोमवारी कापड येईल, म्हणाला.

सोमवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग पोरीला कडेवर घेऊन मी पावतीवरच्या पत्त्यावर नसरापूरला गेले. तिथं सायकलचं दुकान होतं. दुकानदारानं पावती हातातसुद्धा घेतली नाही.

"बाई, तुमी तिसऱ्या," तो म्हणाला. "आदुगर कामथडीच्या दोगी येऊन गेल्या. हितं असा कोन मानूस न्हाई. पोलिसात जावा."

पोलिसात गेले असते तर नवऱ्याला कळलं असतं, कचेरीत कळलं असतं. मी स्टँडवर येऊन बसले. भोरची गाडी आली आणि गेली, मी उठलेच नाही. पोर रडायला लागली तेव्हा तिला पाजायचं भान आलं.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. आक्काचा आवाज रस्त्यावर ऐकू आला की मी दार लोटून घ्यायची. एकदा ती आलीच. मुलीचं ठरत आलंय, पैसे लागतील, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी पोस्टात ठेवलेत, काढायला वेळ लागतो. ती "बरं" म्हणाली आणि चहा पिऊन गेली. तिनं विश्वास ठेवला हेच मला सोसेना. पंधरा दिवसांनी परत आली, तेव्हा दुसरं खोटं सांगितलं. आईकडे मागावं म्हणून उत्रोलीला गेले, तर आई दुसऱ्याच्या भाताचा पेंढा रचत होती. तिची पावलं फुटून रक्त आलं होतं. मी तशीच परत आले. नदीवर धुणं धुताना मनात नको नको ते यायचं. पोर काठावर बसलेली असायची, म्हणून धुणं पिळून घरी यायची, एवढंच.

चाचीनं ओळखलं. एका दुपारी ती पाटी उतरवून माझ्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "पोरी, तुजं अंग निम्मं झालंय. काय हाय ते सांग, न्हाईतर म्या उठत न्हाई."

मी सगळं सांगितलं. त्यात तिचे पन्नास होते. ती पाटी उचलून निघून गेली. दोन दिवस भिंतीपलीकडून तिचा नुसता खोकला ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी आली. "मला राग आला व्हता," ती म्हणाली. "आजून हाय. पन मी कुठल्या तोंडानं बोलू? पुन्याच्या बांगडीवाल्या शेटचं माज्या अंगावर दोनशे हायेत. तीन वर्सं झाली. मालाची अख्खी पेटी गाडीवरून पडून फुटली तवापास्नं. बाजाराच्या दिवशी त्याचा मानूस भोरात येतो, म्हनून मी त्या दिशी गाव सोडून पळते."

बाजाराच्या दिवशी चाची कधी घरी नसते, हे मी इतकी वर्षं बघत होते. मला वाटायचं, धंद्याला जाते.

"आता दोगींना बोलाव," ती म्हणाली. "मी बसते शेजारी. तोंडानं तूच सांगायचं."

रविवारी दुपारी नवरा केस कापायला गेला असताना मी आक्का आणि मावशीला बोलावलं. माझं सांगून व्हायच्या आधीच आक्का उठली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. चाचीनं तिचा हात धरला नाही. आक्का खाली बसून रडायला लागली. "दोन येळा तुज्या दारात आले गं मी. चा पाजलास मला." मावशी भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आदुगर हिचं दे. लगीन हाय. माजं शेवटाला दे."

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो डोक्यावरची टोपीही न काढता बसून राहिला.

"मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणून विचारलं नाहीस."

त्यानंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही. पण दर महिन्याला पगारातून पाच रुपये काढून माझ्या मशीनखाली ठेवायला लागला. वेल्ह्याला तो एक वेळ जेवतो, हे मला पुढं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पाच रुपयांनी काय होणार होतं? गल्लीत बातमी पसरली होती, झंपरं शिवायला येणाऱ्या निम्म्या बायका बंद झाल्या. तेव्हा चाचीनं मार्ग काढला. "मी बांगड्या भरते त्या गावातल्या बाया झंपर शिवायला भोरापतुर येत्यात का? तूच मशीन घिऊन चल." आणि तिनंच एक अट घातली. माझी शिल्लक तिच्याकडे राहील, तिची माझ्याकडे. दर गुरुवारी दोघींनी समोर बसून मोजायची. "आपला पैसा आपल्याजवळ ऱ्हात न्हाई," ती म्हणाली. "दुसरीचा असला की हात भितो." मग ती थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं. मी मान खाली घातली.

पोरीला उत्रोलीला आईकडे ठेवून मी आठवड्यातून तीन दिवस तिच्याबरोबर जायला लागले. नसरापूरवरून वेल्ह्याची एसटी, तिथून पुढं डोक्यावर मशीन घेऊन चालत. मशीनच्या लाकडी बैठकीनं टाळूवरचे केस गेले. पासलीला सुगीनंतर काम बरं मिळायचं. बायका शिलाईचे तांदूळ द्यायच्या, तेच आम्ही घरी खायचो आणि रोख बाजूला ठेवायचो. पण सगळीकडे असं नव्हतं. एका गावात एका बाईनं चाचीला ओट्यावर बसवलं आणि मला माझं गाव विचारलं, मग गावातली वस्ती विचारली. मी बौद्ध आहे म्हटल्यावर तिनं मला खाली आंब्याच्या बुडाशी बसायला सांगितलं आणि कापड वरून टाकलं. चाची पाटी बांधायला लागली. मी तिला डोळ्यांनी थांबवलं. बारा आणे होते. मी झंपर शिवलं. परतीच्या वाटेवर चाची सारखी म्हणत होती, "न्हाई शिवायचं व्हतं, पोरी."

आक्काच्या मुलीच्या लग्नापर्यंत माझ्याच्यानं छत्तीस रुपये झाले. उरलेले चौदा आक्कानं व्याजानं काढले. मी ते पुढच्या दोन महिन्यांत व्याजासकट फेडले. तिनं पैसे घेतले, मोजले, कनवटीला लावले आणि दार लावून घेतलं. लग्नाला गल्लीत सगळ्यांना बोलावणं होतं, आम्हाला नव्हतं.

पावसाळ्यात काम थांबलं. वेल्ह्याकडे ओढ्यांना पाणी, बायका लावणीत. त्यातच पोरीला ताप भरला, आठ दिवस उतरेना. दवाखान्यात आक्का असेल म्हणून मी तिकडे गेले नाही, खासगी डॉक्टरकडे गेले. घरात सव्वा रुपया होता आणि डब्यात चाचीचे एकेचाळीस. मी त्यातले बारा काढले. चाची तेव्हा बहिणीकडे गेली होती. ती तीन दिवसांनी येईपर्यंत मला घास गिळवला नाही. मी पुन्हा तेच केलं होतं. आपल्या हातातच काही खोट आहे, हे आता कधी सुटायचं नाही, असं वाटत राहिलं.

ती एसटीतून उतरली तिथंच, स्टँडवर, मी तिला सांगितलं. भिजलेली बोचकी हातात धरून ती ऐकत राहिली.

"पोरगी कशी हाय?"

"उतरलाय ताप."

"मग घरला चल. बारा मांडून ठेव तुज्या नावावर." थोडं चालल्यावर म्हणाली, "मागल्या येळेला म्या उंबऱ्यात ठाण मांडलं तवा बोललीस. आता आपनहून आलीस."

तिचंही सरळ चाललं होतं असं नाही. एकदा बाजाराच्या दिवशी मीच तिला घरी थांबवून ठेवलं. शेटचा माणूस आला तेव्हा ती माझ्या खोलीत घामानं भिजून बसली होती. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. तिनं वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. तो माणूस चकितच झाला. पण गौरीच्या सणाआधी तिनं लपून दुसऱ्या व्यापाऱ्याकडून तीस रुपयांचा माल उधार उचलला. मला पाटीत नव्या काचेच्या बांगड्या दिसल्या. मी तिला नको ते बोलले. "मला धंदा करू दे की," ती ओरडली, आणि दोन गुरुवार आम्ही बोललो नाही. तिसऱ्या गुरुवारी माल तसाच परत करून ती मोजायला येऊन बसली.

असं पावणेदोन वर्षं चाललं. चाचीचे पन्नास मी तिच्या शेटच्या देण्यातच घातले. शेवटचा हप्ता द्यायला आम्ही दोघी पुण्याला गेलो. शेटनं वहीतलं नाव खोडलं आणि नवा माल हवा का विचारलं. चाची म्हणाली, "रोखीनं." दुकानातून बाहेर आल्यावर ती फुटपाथवर बसली. आनंद म्हणावा असं तिच्या तोंडावर काही नव्हतं, माझ्याही नसावं. आम्ही फार दमलो होतो.

मावशीचे शेवटचे दहा रुपये मी शाळेच्या नळावर नेऊन दिले. तिनं ओले हात पदराला पुसून नोट घेतली.

"आता भिशी परत कदी काढतीस?"

मला वाटलं, थट्टा करते. पण ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"माझ्याकडं नको, मावशी," मी म्हटलं. "मला भ्या वाटतं."

"मंग चाचीकडं ठिऊ," ती म्हणाली आणि घागर भरायला वाकली.

पुढच्या महिन्यात आठ जणींची भिशी चाचीकडे सुरू झाली. मी त्यात पाच रुपये भरायची आणि माझी चिठ्ठी निघाली की त्याच दिवशी पैसे घेऊन घरी यायची. आक्का त्यात आली नाही. आम्ही ती गल्ली सोडली तोवर रस्त्यात समोरून आली तर ती मान वळवून जायची. मी मात्र दर वेळी थांबून तिला वाट द्यायची.