विसावी मेंढी

आमच्या साडूंइतका सावकाश माणूस भोर संस्थानात दुसरा झाला नसेल, आणि हलत्या गोष्टींचं वेडही त्यांच्याइतकं कुणाला नसेल. ते भोरच्या शाळेत चित्रकला शिकवत. मी तिथल्याच टपाल कचेरीत कारकून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सणावाराला एका पंगतीला बसणं आणि एरवी एकमेकांच्या वेडांवर पांघरूण घालणं, दोन्ही आमच्या नशिबी आलं. माझं वेड तंबाखूपुरतं होतं. साडूंना कागदावरची चित्रं चालवायची होती.

त्याचं तंत्र त्यांनी मला इतक्यांदा समजावलं की आता मीही ते सांगू शकतो. पाय जमिनीवर, एक चित्र. पाय किंचित वर, दुसरं चित्र. अशी शेकडो चित्रं कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरायची आणि फीत भरभर फिरवायची, की चित्रातलं जनावर चालू लागतं. कॅमेरा मुंबईच्या एका फोटोवाल्यानं टाकून दिलेला. कागद म्हणजे पोरांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. सकाळी पूर्वेच्या खिडकीवर ऊन आलं की काचेवर एक कागद, त्यावर दुसरा, असे लावून ते खालची रेघ वर किंचित सरकवून काढत. तेवढा वेळ ते भोरात नसत. कुठल्या तरी नदीकाठी असत. त्यांची शाळा भरल्याची घंटा ऐकून आम्ही कचेरीतले लोक आमची घड्याळं लावत असू, आणि ती घंटा फक्त त्यांनाच ऐकू येत नसे.

रस्त्यात भेटलेल्या माणसाला मध्येच थांबवायची त्यांना भारी खोड. "अहो, थांबा, पाय तसाच वर ठेवा!" आणि तो बिचारा चौकात बगळ्यासारखा उभा. माझ्या मेहुणीनं आमटी वाढायला पळी उचलली की, "अगं, तशीच धर जरा." घरची आमटी गार का, याचं उत्तर पाहुण्यांना पाहुणचारातच मिळे. एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाला हार अर्ध्यावर धरायला लावला. भटजींनी मंगलाष्टकाचं एक कडवं पुन्हा म्हटलं म्हणून मुहूर्त सावरला.

आणि त्यांचा एक नियम होता. ज्याचं चित्र, त्याची पसंती. शिवऱ्याच्या एका गाडीवानाचा बैल त्यांनी काढला आणि चित्रांची चळत घेऊन गाडीवानाला दाखवायला गेले. तो बराच वेळ बघून म्हणाला, "मास्तर, बैल झ्याक हाय. पर ह्यो माजा न्हाई, माज्या चुलत्याचा हाय. माजा मान खाली घालून चालतो." साडूंनी नमस्कार केला, घरी आले आणि सगळी चित्रं पुन्हा काढली. मी कपाळावर हात मारला, तर म्हणाले, "त्याचा बैल त्यालाच ओळखू येईना, तर परक्याला काय दिसणार?"

वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना जाहिरात सापडली. विलायतेत दरसाल हौशी लोकांच्या चित्रपटांचा मेळा भरे, जगातून कुणीही चित्रपट पाठवावा, जाणते परीक्षक बघून अभिप्राय देतील. त्या दिवसापासून साडूंना दुसरं काही सुचेना. बक्षिसाचं त्यांना काही नव्हतं. "चाळिशी उलटली," ते मला म्हणाले, "हे आपलं खूळ आहे की काम आहे, ते कुणी तरी बघून सांगावं. एकदाच." अर्ज मी इंग्रजीत भरला. निर्मिती संस्थेच्या रकान्यात काय लिहू, विचारलं, तर म्हणाले, "मी आणि खिडकी."

चित्रपट होता साडेतीन मिनिटांचा. हिर्डोशीचा धुळाबा धनगर आपली वीस मेंढरं नीरेतून पलीकडे नेतो, एवढीच गोष्ट. दोन वर्षं गेली त्यात. फीत मुंबईहून धुऊन आली तो बुधवार होता, आणि मुदतीत पोचायचं तर शुक्रवारच्या टपालानं पार्सल जायलाच हवं होतं. मी पार्सलावर मोहर करायची लाख तापवूनच बसलो होतो. पण साडू म्हणाले, "ज्याची मेंढरं, त्याला आधी."

गुरुवारी आम्ही हिर्डोशीला गेलो. अर्धी वाट बैलगाडीनं, उरलेली पायी. फीत दाखवायचं यंत्र साडूंच्या पाठीवर, आणि त्याच्या दिव्यासाठी मोटारीची बॅटरी आळीपाळीनं डोक्यावर. भर दुपारी धुळाबाच्या गोठ्याला पोती लावून अंधार केला, साडूंचं धोतर भिंतीवर ताणलं आणि हातानं यंत्र फिरवलं. मेंढरं पाण्यात उतरली, पोहली, पलीकडे निघाली, अंग झाडत चढ चढली. मी हा चित्रपट पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

धुळाबा मात्र बोटांवर काही मोजत होता. मग म्हणाला, "मास्तर, ईस उतारली, भायेर एकोणीस आली. काळ्या तोंडाची म्हागं ऱ्हायली पाण्यात."

साडूंनी फीत पुन्हा फिरवली. खरंच, शेवटची मेंढी मधल्या धारेत लाटेआड गेली होती आणि पुढे तिला काढायचंच राहिलं होतं. मी म्हटलं, "अहो साडूबुवा, परीक्षक काय मेंढरं मोजत बसणार आहेत?"

त्याला उत्तर धुळाबानंच दिलं. "मोजत न्हाईत व्हय? मग ते बगत्यात तरी काय?"

शुक्रवारचं टपाल गेलं. पार्सल गेलं नाही. मी आठवडाभर साडूंशी बोललो नाही, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण ते खिडकीशी बसून काळ्या तोंडाची मेंढी पाण्यातून बाहेर काढत होते. नदीपासून पुढची सगळी चित्रं नव्यानं. फीत तयार व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मग पार्सल गेलं, मीच शिक्का मारला. आणि महिनाभरात युद्ध पेटलं.

पार्सल परत आलं तेव्हा लाखही फुटली नव्हती. सोबत चिठ्ठी होती, मेळा बेमुदत तहकूब. ती मीच वाचून दाखवली. मागच्या वर्षी पाठवलं असतं तर कुणी तरी बघितलं असतं, हे माझ्या ओठावर होतं. साडूंनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "उद्या रजा मिळेल का? बॅटरी जड आहे."

पुन्हा तोच गोठा, तेच धोतर. या खेपेला सगळी वाडी दाटीवाटीनं बसली होती. मेंढरं बाहेर येऊ लागली तशी धुळाबानं बोटांवर मोजायला सुरुवात केली, मग बायका, मग सगळेच. सतरा. अठरा. एकोणीस. पाणी जरा वेळ रिकामं वाहिलं. मग काळं तोंड वर आलं, पुढचे पाय काठाला लागले, आणि अख्खा गोठा ओरडला, "ईस!"

धुळाबानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "आल्या समद्या," तो म्हणाला.

साडू यंत्राचा दांडा धरून तसेच उभे होते, मधेच थांबवलेल्या माणसासारखे. डोळे भरले होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अभिप्राय आला हो."

पुढे त्यांनी तो चित्रपट कुठंच पाठवला नाही. आता ते नाहीत. फीत कधीच कुजली, पण काळ्या तोंडाच्या मेंढीचा एक कागद मेहुणीनं मला दिला. सकाळी ऊन आलं की मी तो खिडकीच्या काचेवर धरतो. मागून कुणा पोराची चुकलेली गणितं दिसतात, आणि पुढे ती, पाण्यातून नुकती वर येणारी.