पियानोला घातलेलं तेल

पियानोला तेल घालायचं नसतं. ही गोष्ट आता आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती माझ्यामुळे ठाऊक आहे.

माझी बायको पद्मिनी शाळेत गाणं शिकवायची. शाळेनं जुना पियानो काढायचा ठरवला तेव्हा तिनं तो घरी आणला. (आणताना जिन्याचा कठडा काढावा लागला. तो अजून बसवायचाय.) मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. म्हणजे हात जागेवरच होता, पण तिचं ऐकत नव्हता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काकू, पियानो वाजवा की!" पद्मिनी बसली. डाव्या हाताची बोटं पट्टीवर ठेवली, आणि पट्टी काही दबेना. तिनं झाकण लावलं ते पुन्हा उघडलंच नाही. मला ते बंद झाकण बघवायचं नाही.

म्हणून मी बेळगावहून पियानो दुरुस्त करणाऱ्या फर्नांडिससाहेबांना बोलावलं. त्यांनी आधी सूर लावले. मग म्हणाले, "आता पट्ट्या हलक्या करायच्या आणि आवाज मऊ करायचा." पट्टी दाबली की आत एक लाकडी हातोडी तारेवर आपटते. हातोडीच्या तोंडाला लोकरीचा जाड नमदा असतो. साहेब त्या नमद्याला सुया टोचायला लागले.

"पावणं, भोकं कशाला पाडताय?" मी विचारलं.

"नमदा कडक झालाय की हो. टोचला की मऊ होतो, आवाज गोड येतो."

"आन् पट्ट्या?"

"डाव्या बाजूच्या घासतायत. चहा झाला की बघतो. तोवर कुणी हात लावू नका."

चहा झाला आणि साहेबांना बायकोसाठी चपला घ्यायची आठवण झाली. ते बाजारात गेले.

आता माझा सगळा जन्म गेला कागलच्या एमआयडीसीत, लेथ मशीनवर! 'घासतंय' एवढं कानावर आलं की माझा हात आपोआप तेलाच्या बुधलीकडं जातो. पंखा, दार, शिलाई मशीन, सगळ्यांना मी तेल पाजलंय. माझी थोरली बहीण अक्का मुरगूडहून मुक्कामाला आली होती. तिच्या घडीच्या काठीलासुद्धा मी सोडलं नव्हतं. (ती त्यानंतर दोनदा आपोआप मिटली. अक्का बचावली.)

"घाल की!" अक्का म्हणाली. "तेवढंच पावण्याचं काम हलकं हुईल."

पद्मिनी आत झोपली होती. मी प्रत्येक सांध्याला तेल सोडलं, आणि डाव्या बाजूला प्रेमानं जरा जास्तच.

संध्याकाळी साहेब आले. त्यांनी एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही. दुसरी दाबली, तीही बसली.

"तेल कुणी घातलं?"

"ह्यानं!" अक्का म्हणाली. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

साहेब कपाळाला हात लावून खाली बसले. "अहो, हे लोखंड न्हाय! लाकूड आन् लोकर हाय. पट्ट्यांच्या सांध्यातली लोकर तेल पिऊन फुगली, तिनं पट्ट्या आवळून धरल्या. आता सगळं खोलून नवी लोकर बसवायला पायजे. माल घेऊन पुढच्या आठवड्यात येतो."

आवाजानं पद्मिनी उठून आली. तिनं पियानो बघितला, मग माझ्या हातातली बुधली बघितली. तिचा हात परत यावा म्हणून जे करत होतो, तेच मी माझ्या हातानं बिघडवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय केलंसा हो हे? गप बसवत न्हाई व्हय तुम्हांस्नी?" ती पियानोपुढं बसली आणि उजव्या हाताचं बोट नाचवत मला झाडायला लागली. माझा, माझ्या लेथचा, कठड्याचा, सगळ्यांचा उद्धार झाला. मी मान खाली घातली म्हणून मला दिसलं. रागाच्या भरात तिचं डाव्या हाताचं बोट बसलेल्या पट्टीच्या पुढच्या कडेखाली गेलं होतं. ते थरथरत होतं, पण पट्टी वर येत होती.

"पद्मिनी, हात!"

ती बोलायची थांबली. पट्टी वर आली. अक्कानं पदर डोळ्याला लावला आणि तिला उचलायला पटकन पुढची पट्टी दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी मॅडम बघतच राहिल्या. "काका, बोटं उचलणंच तर अवघड असतंय! मी तेवढ्यासाठीच मागं लागलेले." मग साहेब येईपर्यंत घरात तोच उद्योग. अक्का पट्ट्या दाबणार, पद्मिनी त्या उचलणार, आणि मी लांबून बघणार. (जवळ यायला बंदी होती.)

साहेबांनी नवी लोकर बसवली, पट्ट्या अगदी हलक्या केल्या. आता पद्मिनी वाजवते. डावा हात मागं राहतो, पण येतो.

तेलाची बुधली तिनं कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. किल्ली ती डाव्या हातानं फिरवते. माझ्यावर भरवसा नाही म्हणून लावलेलं ते कुलूप उघडताना ऐकलं की मला पियानोपेक्षा गोड वाटतं. हल्ली ते जरा घासतंय, पण मी काही बोलत नाही.