पैलतीराची होडी आणि आमच्या शाळेची घंटा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शाळेत वेळेआधी पोहोचलो होतो. आमच्या घरी यावर अजूनही कोणाचा विश्वास नाही. पाठशाळेत संस्कृत घोकून आलेला, शेंडी नुकतीच उतरवलेला मी रत्नागिरीतल्या एका ख्रिस्ती शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो, आणि अकरा वाजून गेले तरी घंटा होत नव्हती. मुलामुलींचा मैदानात कल्ला चाललेला. शिपाई सोनूभाऊ घंटेचा दोर हातात धरून निवांत उभे. पायऱ्यांवर पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई कपाळाला हात लावून खाडीकडे पाहत होत्या. घड्याळ बंद पडले आहे का, असे मी अदबीने विचारले.

"घड्याळ चालतंय, शास्त्रीबुवा," त्या म्हणाल्या. "होडी यायचीय."

मुख्याध्यापिका रूथबाई साळवी यांच्याशी झालेली ती माझी पहिली ओळख. 'शास्त्रीबुवा' हे नाव मला त्याच क्षणी चिकटले आणि ते आजतागायत निघालेले नाही. बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, मीही पन्नाशी ओलांडली. पण त्यांच्या लेखी मी अजून घड्याळाची चौकशी करणारा नवशिका आहे.

या घंटेमागे शाळेचा सगळा इतिहास आहे. बाई तो प्रत्येक नव्या शिक्षकाला ऐकवीत, म्हणून मलाही तो पाठ आहे. पाठांतराची आम्हांला लहानपणापासून सवयच. मिशनच्या बायकांनी शाळा काढली ती फक्त मुलींसाठी. खाडीपलीकडच्या मुली होडीने येत आणि त्यांना एकटे कसे सोडायचे, म्हणून आईबाप धाकट्या भावांना बरोबर देत. हे अंगरक्षक दिवसभर मागच्या भिंतीला टेकून बसत. बसून बसून कंटाळले आणि नाइलाजाने शिकले. मग त्यांची नावे पटावर घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मुलांच्या शाळेत मुलींना जागा मिळाली, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. आमच्याकडे मुलगे बहिणींच्या ओळखीने आत आले, आणि आपण मुळात पाहुणे आहोत याची आठवण बाई त्यांना अधूनमधून करून देत.

शाळेची घडीही त्याच धर्तीची. प्रत्येक वर्गाला दोन मॉनिटर, एक मुलगी आणि एक मुलगा. प्रार्थनेला पुढे उभे राहायची पाळी जोडीने. मैदान झाडायचे तेही जोडीने. प्रार्थनेनंतर फळ्यावर एक सुभाषित लिहायचे काम बाईंनी माझ्याकडे दिले. बायबलमधला शास्त्रपाठ त्यांचा, सुभाषित माझे. दोघांचा अर्थ बहुतेक दिवशी एकच निघे आणि दोघांकडेही मुले सारखेच दुर्लक्ष करीत.

बाईंच्या कारकिर्दीत ही घडी एकदा मोडायला आली होती. वर्गखोल्या कमी पडत होत्या. शाळा समितीवर नुकतेच आलेले एक निवृत्त साहेब मुंबईचे व्यवस्थापन कोळून प्यायलेले. मुलींची शाळा सकाळी सातला आणि मुलांची दुपारी भरवावी, म्हणजे खोल्याही पुरतील आणि गावातले पालकही खूश होतील, असा ठराव त्यांनी मांडला. कागदावर त्यात खोट नव्हती. समितीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

ही बातमी खाडीपलीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. आठवीतल्या सुगंधाची आई दुसऱ्याच दिवशी होडीतून उतरून थेट ऑफिसात आली. सुगंधा वर्गात पहिली येणारी. तिचा भाऊ महेश खालच्या वर्गात आणि गुणांनीही बराच खाली. सकाळची होडी नाही, असली तरी भाऊ बरोबर नाही. त्या माउली भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "भाऊ संगतीला नाय तर पोरीला एकटी कशी धाडू, बाई?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाईल घरात."

सुगंधासारख्या आणखी मुली होत्या. शाळा ज्यांच्यासाठी निघाली त्यांनाच ती बंद होणार होती.

आम्ही शिक्षकांनी कडक भाषेत निवेदन लिहिले. संस्कृतप्रचुर भाग माझा. बाईंनी ते वाचले, छान आहे म्हणाल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. समितीकडे त्यांनी एवढेच मागितले की ठरावावरच्या सभेची वेळ ठरवायचा मान मुख्याध्यापिकेला मिळावा. तो मिळाला. त्यांनी सभा सकाळी सातला बोलावली.

सातला हजर कोण, तर आवारातच राहणारे अध्यक्ष पाद्रीसाहेब, तेही शाल गुंडाळून. बाईंनी त्यांना चहा दिला. (बाईंचा चहा हा गौरवलेखात लिहिण्याचा विषय नव्हे.) गणपूर्ती होईना. चिपळूणचे सदस्य गाडीला दोष देत आले, डॉक्टर पेशंटला. साहेब सर्वांत शेवटी उगवले आणि इतक्या पहाटे रिक्षाच मिळत नाही, असे त्यांनी भर सभेत सांगितले. मग बाकीच्यांची माफी मागू लागले.

"बसा, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्याकडे सगळे आल्यावरच घंटा होते."

कोणी हसले नाही. पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसला. अखेर साहेबांनीच ठराव मागे घेतला, आणि मोठेपणाने घेतला, हेही नोंदवले पाहिजे. खोलीचा प्रश्न उरला होता. तो बाईंनी आपले ऑफिस आठवीच्या वर्गाला देऊन सोडवला आणि स्वतःचे टेबल व्हरांड्यात मांडले. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. वारा कागद उडवून नेई; पण खाडी छान दिसते, असे त्या म्हणत.

बाईंचे दुसऱ्यासाठी थांबणे केवळ शाळेपुरते नव्हते. माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली, तिची दृष्टीही गेली. सोवळ्याओवळ्याची कडक बाई. पण रोजची स्तोत्रे कानावर पडेनात म्हणून कासावीस होई. मी घाईघाईत म्हणून मोकळा व्हायचो. रूथबाईंनी माझ्याकडून स्तोत्रांची चाल समजून घेतली आणि संध्याकाळी येऊन तिच्या उशाशी बसून त्या सावकाश वाचू लागल्या. आई डोळे मिटून ऐके. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "तुझ्यापेक्षा हिचे उच्चार बरे आहेत." आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र आजवर कोणाला दिले गेलेले नाही.

आता खाडीवर पूल झाला. होडी गेली, एसटी आली आणि घंटा एसटीसाठी थांबू लागली. होडी यापेक्षा वक्तशीर होती, असे सोनूभाऊ म्हणतात. सुगंधा आज आमच्या शाळा समितीवर आहेत. सभांना त्या हमखास उशिरा येतात. आपल्यासाठी थांबतील याची त्यांना खात्रीच आहे. स्वतःच्या अमृतमहोत्सवाच्या सोहळ्याला बाईंनी होकार दिला तोही एका अटीवर: पलीकडची गाडी आल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

शतायुषी व्हा, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण बाईंच्या बाबतीत आकडा सांगणारे आम्ही कोण? शेवटची घंटा ज्याच्या हाती आहे त्याला आमची एवढीच विनंती, की त्याने बाईंचाच नियम पाळावा आणि सगळे आल्याशिवाय दोराला हात लावू नये. पैलतीराहून मुली अजून येतच आहेत.